मालमोटार, लायसन आणि आमची एक चूक
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी थोर विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. कोणी संतवाङ्मयावर बोलले, कोणी स्त्रीशिक्षणावर, कोणी विवाहातील अवास्तव खर्चावर. यंदा चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'मालमोटार चालविण्याचे लायसन' असे उत्तर दिले. त्यांस प्रथम ती थट्टा वाटली, आणि तसे वाटणे स्वाभाविकच होते. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी नोकरी प्राथमिक शाळेत मराठी व अंकगणित शिकविण्यात गेली. आणि सायकलीपलीकडे कोणतेही वाहन आम्ही आजवर हाती धरलेले नाही. अशा माणसाने ट्रकच्या लायसनवर बोलावे म्हणजे ब्रह्मचाऱ्याने संसारावर प्रवचन करण्यासारखेच झाले. तथापि हा विषय आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही. आमच्या घराने त्याची फी भरलेली आहे, आणि ती फी आमच्या चुकीमुळे भरावी लागली, हे आरंभीच सांगून टाकतो.

पूर्वी बैलगाडीने बाजारपेठेस माल पोहोचविणारी आपली कित्येक घराणी आज टेंपो, पिकअप, आयशर आणि ट्रक यांवर पोट भरीत आहेत. कोणाची स्वतःची गाडी आहे, कोणी दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे, कोणी मुलाला हात बसावा म्हणून नुकताच क्लीनर म्हणून धाडला आहे. चालकाच्या खिशात लायसनचे एक लहानसे कार्ड असते. ते दाखविण्याची पाळी वारंवार येते, वाचण्याची मात्र सहसा येत नाही. त्यातच २०२४ च्या नोव्हेंबरपासून एक वाक्य आपल्या मंडळींत तोंडोतोंडी आणि मोबाइलवरून फिरत आहे: "सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, आता साध्या गाडीच्या लायसनवर ट्रक चालतो." हे वाक्य अर्धे खरे आहे. अशाच एका अर्ध्या वाक्यावर आमच्या घराने २०१८ साली विश्वास ठेवला होता.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. सरकारी मराठीत 'अनुज्ञप्ती' म्हणजे चालकाचे लायसन आणि 'परवाना' म्हणजे गाडीला वाहतुकीसाठी मिळणारे परमिट. आपण बोलताना दोहोंसही परवाना म्हणतो. 'परवाना आहे' एवढ्या उत्तरावर मालक आणि चालक दोघेही निर्धास्त होतात. एकाच्या मनात परमिट असते आणि दुसऱ्याच्या मनात लायसन. म्हणून आज आम्ही लायसन हाच शब्द वापरणार आहोत. भाषाशुद्धीचे अभिमानी क्षमा करतील.

आज आपल्या देशात जो कायदा लागू आहे तो मोटार वाहन कायदा, १९८८. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक अशी की, चालू मुदतीच्या लायसनवाचून कोणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवू नये. दुसरी अशी की, परिवहन वाहन, म्हणजे भाड्याने अथवा धंद्यासाठी माल वा उतारू नेणारे वाहन, चालवावयाचे तर लायसनमध्ये तसा अधिकार स्पष्टपणे दिलेला असावा. पाचवे कलम मालकासाठी आहे. ज्याच्याजवळ योग्य लायसन नाही अशा इसमास मालकाने आपली गाडी चालवू देता कामा नये. म्हणजे चालकाचे कार्ड वाचण्याचे काम पोलिसांच्या आधी मालकाचे आहे. आमचे कित्येक बंधू चालकास कामावर ठेवताना त्याचे गाव विचारतात, पाहुणे विचारतात, दारूचे व्यसन आहे काय तेही विचारतात. कार्ड मात्र उलटून पाहत नाहीत.

लायसन सरसकट कोणत्याही मोटारीसाठी मिळत नाही. ते वर्गवार मिळते. दहाव्या कलमात वर्ग दिले आहेत: बिनगियरची मोटारसायकल, गियरची मोटारसायकल, अपंग व्यक्तीसाठी बदल करून घेतलेले वाहन, हलके मोटार वाहन, परिवहन वाहन, रोड रोलर इत्यादी. मूळ कायद्यात मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू आणि जड प्रवासी असे चार निराळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते चारही काढून त्यांच्या जागी 'परिवहन वाहन' असा एकच वर्ग घातला. पुढील तीस वर्षांच्या वादाचे मूळ या एका दुरुस्तीत आहे. टेंपो हे परिवहन वाहन आहे आणि वजनाने हलकेही आहे. मग तो कोणत्या वर्गात धरावयाचा?

येथे आपल्या लायसनचा एक स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकेत ट्रकचालकाच्या लायसनवर मनाई अक्षरांनी छापलेली असते. ज्याने परीक्षा आपोआप गियर बदलणाऱ्या ट्रकवर दिली त्याच्या कार्डावर 'ई' हे अक्षर येते, म्हणजे हाताने गियर टाकावयाचा मोठा ट्रक त्याने चालवू नये. हवेच्या ब्रेकवर परीक्षा दिली नसेल तर 'एल' हे अक्षर येते. आपल्याकडे तसे नाही. आपले कार्ड काय चालवू नये हे सांगत नाही. काय चालवावे तेवढेच सांगते, आणि ज्याचा उल्लेख नाही ते वर्ज्य समजावयाचे असते. ज्याला वर्ज्य काय ते शब्दाने कोणी सांगितले नाही, असा मनुष्य स्वतःची समजूत स्वतःच घालून घेतो. आमच्या पुतण्याने तशी घालून घेतली, आणि तिच्यावर आम्ही शिक्कामोर्तब केले.

आमचे गाव कऱ्हाड तालुक्यात आहे. धाकटे बंधू गुळाच्या व्यापारात हमालीपासून वर आलेले. चार वर्षे एक पिकअप चालवून दोन पैसे गाठीला बांधल्यावर २०१८ च्या दिवाळीपूर्वी त्यांनी एक जुना सहाचाकी ट्रक घेण्याचे ठरविले. पिकअप पुतण्याच चालवीत असे. त्याचे वय पंचवीस, हात स्वच्छ, स्वभाव शांत. लायसन होते ते हलक्या मोटार वाहनाचे. ट्रकही आपणच चालवावा असे त्याच्या मनात होते. आदल्या वर्षी, म्हणजे ३ जुलै २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला होता की, हलक्या वाहनाचे लायसन असणाऱ्यास हलके परिवहन वाहन चालविण्यासाठी वेगळ्या नोंदीची आवश्यकता नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने तसे परिपत्रकही राज्यांस धाडले. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर हा निकाल पोहोचला तेव्हा त्यातील 'हलके' हा शब्द वाटेत गळून पडला होता.

पुतण्या सावध होता. तो आर.सी. बुक घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "अण्णा, साडेसात हजार किलोच्या आत असेल तर चालते म्हणतात. तुम्ही जरा बघा." आम्ही चष्मा लावला. बुकात रिकाम्या गाडीचे वजन ६,१०० किलोग्रॅम असे लिहिले होते. साडेसात हजारांतून सहा हजार शंभर वजा केले; चौदाशे किलो शिल्लक राहिले. आम्ही म्हणालो, "आत आहे. चालव." त्याने वाकून नमस्कार केला. त्याच पानावर, दोनच ओळी खाली, भरल्या गाडीचे एकूण वजन १६,२०० किलोग्रॅम असे लिहिले होते. तो आकडा आम्ही पाहिला नव्हता असेही नाही. बँकेच्या कर्जाचा अर्ज आम्हीच भरून दिला होता, आणि त्यात १६,२०० हा आकडा आमच्याच हस्ताक्षरात आहे.

आता कायद्याची व्याख्या पाहू. दुसऱ्या कलमाच्या एकविसाव्या पोटकलमात हलक्या मोटार वाहनाची व्याख्या आहे. इंग्रजीत ते एकच लांबलचक वाक्य आहे आणि त्यात दोन प्रकारची वाहने दोन निराळ्या मापांनी मोजली आहेत. परिवहन वाहन किंवा ऑम्निबस असेल तर त्याचे भरलेले एकूण वजन पाहावयाचे. साधी मोटारगाडी, ट्रॅक्टर किंवा रोड रोलर असेल तर रिकामे वजन पाहावयाचे. मर्यादा दोन्हींस एकच, ७,५०० किलोग्रॅम. ही मर्यादा १९८८ साली ६,००० होती. १९९४ मध्ये ती वाढविण्यात आली. आम्ही चाळीस मुलांच्या वर्गात वाक्यपृथक्करण शिकविलेले. 'राम आणि त्याचा भाऊ यांपैकी कोणाचे पुस्तक' असले प्रश्न घालून मुलांची भंबेरी उडविलेली. आणि जेथे खरोखर विचारावयाचे होते की बाबा, हे वजन कोणाचे आणि कसले, तेथे आम्ही विचारले नाही. ट्रक हे मालवाहू वाहन, म्हणजेच परिवहन वाहन. त्याचे रिकामे वजन या प्रश्नात कामाचेच नाही.

आणखी एक बारकावा येथेच सांगतो. भरलेले एकूण वजन म्हणजे त्या दिवशी गाडीत जेवढा माल आहे तेवढ्याचे वजन नव्हे. गाडी आणि माल मिळून जास्तीत जास्त जेवढ्या वजनास नोंदणी अधिकाऱ्याने मान्यता दिली तो आकडा म्हणजे एकूण वजन. त्यामुळे "गाडी रिकामीच होती, नुसती गॅरेजला नेत होतो" हा बचाव उपयोगी पडत नाही. सोळा टनांची गाडी रिकामी चालली तरी कायद्याच्या दृष्टीने ती सोळा टनांचीच राहते. साडेसात हजारांच्या वर आणि बारा हजारांपर्यंत ती मध्यम मालवाहू, बारा हजारांच्या वर जड मालवाहू. लोकांच्या बोलण्यातली नावे या कामी भरवशाची नाहीत. छोटा हत्ती हलका, हे सर्वांस दिसते. परंतु आपण ज्यास सरसकट आयशर म्हणतो त्यातली काही वाहने साडेसात हजारांच्या आत बसतात आणि काही त्याच्या पुष्कळ वर जातात. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखीच भासतात. आर.सी. बुकातील आकडा हाच प्रमाण धरावा.

२०१९ च्या फेब्रुवारीत संध्याकाळच्या सुमारास गुळाची नऊ टन भरती घेऊन पुतण्या एका फाट्यावर डावीकडे वळत होता. पिकअपमध्ये पुढचे चाक ज्या वाटेने जाते जवळजवळ त्याच वाटेने मागचे जाते. लांब गाडीत तसे होत नाही. मागची चाके वळणाच्या आतल्या बाजूस कापीत येतात आणि चालकाच्या डाव्या अंगाचा बराच भाग त्यास आरशातही दिसत नाही. मोठी गाडी शिकविणारा गुरू हे पहिल्या आठवड्यात शिकवितो. पुतण्यास असा गुरूच मिळाला नव्हता. डाव्या बाजूने दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल येत होती. त्या गृहस्थांचे वय बेचाळीस होते. घरी पत्नी, वृद्ध आई आणि दोन शाळकरी मुले. आम्ही पंधराव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. धाकटी मुलगी चौथीत होती. तिने आम्हांस ओळखले नाही, आणि आम्ही कोण ते सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

काही लोक म्हणतात की जड वाहनाची नोंद म्हणजे नुसता कागद, एजंटाला पैसे दिले की काम झाले. ज्यांस असे वाटते त्यांनी एकदा खंबाटकीच्या घाटात किंवा बोरघाटात उभे राहून उतरणाऱ्या ट्रककडे पाहावे. अंकगणिताचा जुना शिक्षक म्हणून एक हिशेब मांडतो. तीन टनांची पिकअप आणि सोळा टनांचा ट्रक एकाच वेगाने उतरत असतील, तर ट्रक थांबविताना ब्रेकना पाचपटीहून अधिक उष्णता गिळावी लागते. हलक्या गाडीचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात, मोठ्या ट्रकचे दाबलेल्या हवेवर. ती हवा टाकीत साठविलेली असते आणि ती भरणारा पंप इंजिनावर चालतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याची जी खोड आहे, तिच्यात नवी हवा भरली जात नाही, इंजिनाचा अडसरही राहत नाही, आणि चालक ब्रेक पुनःपुन्हा दाबीत राहतो. ड्रम तापतात आणि ब्रेकचा जोर ओसरत जातो. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर असे अपघात वारंवार झाले आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात तेथे एका मालवाहू वाहनाने एकामागून एक अनेक मोटारींस धडक दिली. उतारावर खालचा गियर टाकून इंजिनाच्या ओढीने गाडी रोखावी, ब्रेक राखून ठेवावा, ही विद्या पिकअपवर शिकता येत नाही. म्हणूनच कायद्याने या वर्गासाठी वय अठरा नव्हे तर वीस ठेवले आहे, आणि हलक्या वाहनाचे लायसन निदान एक वर्ष बाळगल्याखेरीज परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसनही देऊ नये असे म्हटले आहे. शिवाय वैद्यकीय दाखला आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. एके काळी, २००७ पासून, आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती. ती २०१९ साली काढून टाकली. शाळामास्तर असूनही ती अट गेली याचे आम्हांस दुःख नाही. घाट उतरविण्याशी आठवीच्या गुणपत्रिकेचा संबंध आम्हांस तरी कधी समजला नाही.

आता विम्याविषयी, कारण घरे बसतात ती येथे. पोलिसांचा दंड हा भाग लहान. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात लायसनविना गाडी चालविल्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० झाला, आणि चालवू देणाऱ्या मालकासही तेवढाच. तो भरून माणूस सुटतो. परंतु अपघातात कोणी दगावला तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो, आणि विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो चालकाच्या लायसनचा. योग्य वर्गाचे, चालू मुदतीचे लायसन नसेल तर पॉलिसीची अट मोडली असे कंपनी म्हणू शकते. ५ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत एक महत्त्वाचा निकाल दिला. लायसनमध्ये दोष आहे एवढ्यावर कंपनी सुटत नाही; मालकाने निष्काळजीपणा केला आणि त्या दोषाचा अपघाताशी संबंध आहे, हे तिने सिद्ध केले पाहिजे. सिद्ध झाले तरीही मृताच्या कुटुंबास कंपनीने आधी पैसे द्यावेत व मागाहून मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग न्यायाधिकरणास मोकळा आहे. हा नियम न्यायाचाच आहे. दूधवाल्याच्या मुलांनी आमच्या चुकीसाठी का उपाशी राहावे?

आमच्या प्रकरणी तसेच झाले. २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने चौदा लाख साठ हजार रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. कंपनीने ते भरले आणि वसुलीची नोटीस बंधूंच्या नावे आली. ट्रकच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा तर आधीच फेटाळला गेला होता. बंधूंच्या साक्षीच्या वेळी आम्ही न्यायालयात मागल्या बाकावर होतो. कंपनीच्या वकिलांनी विचारले, "मुलाचे लायसन तुम्ही पाहिले होते काय?" बंधू म्हणाले, "पाहिले होते." "गाडीचे वजन पाहिले होते काय?" "होय." "मग या लायसनवर हा ट्रक चालतो, असे तुम्हांस कोणी सांगितले?" बंधूंनी आमच्याकडे पाहिले नाही. ते म्हणाले, "कोणी नाही. मलाच तसे वाटले." नदीकाठची तीन एकर जमीन त्या वर्षी गेली. त्या उत्तराविषयी आजतागायत त्यांनी आमच्याशी एक अक्षर काढलेले नाही. आज ते या सभागृहात बसलेले आहेत, आणि आम्ही हे बोलणार आहोत हे त्यांस ठाऊक नव्हते.

आता २०२४ चा निकाल. २०१७ च्या निकालाविषयी शंका निघाल्या म्हणून प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड पीठावर होते. निकालपत्र न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी लिहिले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने २०१७ चा निकाल कायम केला. त्याचा अर्थ असा: ज्याच्याजवळ हलक्या मोटार वाहनाचे लायसन आहे तो ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजन असलेले मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्यासाठी परिवहन वाहनाची वेगळी नोंद लागत नाही. टेंपो, पिकअप, छोटा हत्ती चालविणाऱ्या आपल्या शेकडो मुलांस हा मोठाच दिलासा आहे, आणि त्यांचा विमा आता एवढ्या कारणावरून नाकारता येणार नाही. त्याच निकालात पुढे हेही आहे की, मध्यम आणि जड वाहनांसाठी परिवहन वाहनाची नोंद व तिच्या सर्व अटी पूर्वीप्रमाणेच राहतील. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात हा उत्तरार्ध आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

दुसराही एक अपवाद त्यात आहे. धोकादायक माल, जसे गॅसचे सिलिंडर, पेट्रोल, आम्ल, वाहून नेणाऱ्यास विशेष प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करावी लागते, आणि गाडी हलकी आहे म्हणून ती अट सुटत नाही. गॅस एजन्सीच्या टेंपोवर काम करणारी आपली मुले आहेत. त्यांच्या वडिलांनी हे ध्यानात घ्यावे. रिक्षा व टॅक्सीसाठी बिल्ला लागतो तो विषय निराळा, त्यात आज शिरत नाही. उसाच्या ट्रॅक्टरविषयी चिटणीसांनी मुद्दाम विचारले आहे. ट्रॅक्टरचे वैध लायसन असलेला चालक केवळ मागे ट्रॉली जोडल्याने अपात्र होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली म्हटले आहे. मात्र ट्रॉलीचा विमा निराळा पाहावा लागतो, हे विसरू नये.

शेवटी तारखांविषयी, आणि हे विशेषतः भगिनींसाठी, कारण घरोघरी कागदपत्रांची पेटी त्यांच्या हाती असते. ज्याच्या लायसनवर परिवहन वाहनाची नोंद आहे त्याच्या कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात. एक 'एन.टी.' म्हणजे खासगी वाहनांसाठी, दुसरी 'टी.आर.' म्हणजे परिवहनासाठी. पहिली लांबची असते. तिशीच्या आत काढलेले लायसन वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. दुसरी जवळची असते. पूर्वी ती तीन वर्षांची होती, १ सप्टेंबर २०१९ पासून पाच वर्षांची झाली, आणि धोकादायक मालासाठी एका वर्षाची होती ती तीन वर्षांची झाली. पेटीतील कार्ड काढून पाहिले की डोळा लांबच्या तारखेवर जातो आणि मन निश्चिंत होते. इकडे टी.आर. ची तारीख होऊन गेलेली असते आणि मुलगा ट्रक घेऊन बंगळूरच्या वाटेवर असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून करता येतो. संपल्यानंतर एक वर्षाच्या आत केला तर पुन्हा चालविण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. पण परीक्षा लागत नाही याचा अर्थ तेवढे वर्ष गाडी चालविता येते असा नव्हे. येथेही अर्धे वाक्य फिरताना आम्ही ऐकले आहे.

पुतण्याने पुढे रीतसर प्रशिक्षण घेतले, परीक्षा दिली आणि परिवहन वाहनाची नोंद करून घेतली. आज तो दुसऱ्याच्या मालकीची दहाचाकी गाडी चालवितो. डावीकडे वळताना खिडकीतून मान बाहेर काढून क्लीनरला खाली उतरवितो, म्हणून इतर चालक त्याची चेष्टा करतात. त्याची टी.आर. ची तारीख आम्ही दरवर्षी नव्या दिनदर्शिकेच्या मागील पानावर लाल शाईने लिहून ठेवतो.

हे व्याख्यान संपल्यावर सभागृहाच्या डाव्या अंगास, पाण्याच्या पिंपाशेजारी, आम्ही टेबल टाकून बसणार आहोत. ज्यांच्याजवळ लायसन आणि आर.सी. बुक दोन्ही असतील त्यांनी ती घेऊन यावे. बुकाची सगळी पाने आणावीत. चष्मा आम्ही बरोबर आणला आहे.